जगात एक्केचाळिसावी

डिसेंबर २०१२ ची महिला स्क्वॉशची जागतिक क्रमवारी काढून पाहिली, तर दहाव्या क्रमांकावर दीपिका पल्लिकल दिसते. पहिल्या दहांत पोचलेली ती पहिली भारतीय. त्याच यादीत बरंच खाली, ४१ व्या जागी, पाकिस्तानची मारिया तूरपकई वझीर आहे. दोघींच्या वयात दहा महिन्यांचा फरक. दोघी २००६ मध्ये व्यावसायिक झाल्या. आणि दोघींच्याही कारकिर्दीतला सर्वांत वरचा क्रमांक याच महिन्यातला. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण मला तो सोडवत नाही.

मारियाबद्दल काहीही वाचायला घ्या, ४१ हा आकडा शेवटाकडे एखाद्या ओळीत उरकलेला असतो. त्याआधीची सगळी जागा दुसऱ्याच गोष्टींनी भरलेली. पाकिस्तानच्या अफगाण सीमेलगतच्या दक्षिण वझिरिस्तानातली मुलगी, मुलाच्या कपड्यांत वाढली, तालिबानच्या धमक्या आल्या, कॅनडाला गेली. यातलं काही खोटं नाही, आणि लिहिणाऱ्यांना मी दोषही देत नाही. इतकी तयार गोष्ट हातात आल्यावर ती कोण सोडेल? पण ती सांगून झाली की सगळे थांबतात. ती खेळायची कशी, कुठे कमी पडली, दहावी आणि एक्केचाळिसावी यांच्या मध्ये नेमकं काय असतं, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. खेळाडूच्या आयुष्यातून खेळ वजा करायचा आणि जे उरेल त्याला प्रेरणादायी म्हणायचं, अशी आपली एक रीतच पडून गेली आहे.

मला विचारावंसं वाटतं, कारण मी स्क्वॉश खेळते. वाईट खेळते, पण खेळते. शिकले तेही उशिरा, आणि सोसायटीच्या कृपेने. पुण्यात गेल्या काही वर्षांत जी गृहसंकुलं झाली, त्यांच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस आणि स्क्वॉश कोर्ट हे त्रिकूट हमखास असतं. तलावात पोरं डुंबतात, क्लबहाऊसमध्ये बारशी आणि साठीशांत्या होतात. स्क्वॉश कोर्टात गणपतीचं मखर, मोडक्या खुर्च्या आणि कुणाच्या तरी घराच्या नूतनीकरणातून उरलेल्या फरशा. आमच्याकडे त्या फरशा हलल्या त्या एका निवृत्त मार्करकाकांमुळे. जिमखान्यात मार्कर म्हणजे सभासदांशी खेळणारा, त्यांना शिकवणारा, गुण मोजणारा आणि वेळ पडली तर रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा विणण्याचं कामही, करून देणारा माणूस. काकांनी हयात त्यात घालवलेली. ते मुलीच्या घरी राहायला आले, कोर्टाची अवस्था पाहिली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला असं काही बोलले की दोन रविवारांत कोर्ट मोकळं झालं.

स्क्वॉशमध्ये दोघं एकाच बंद कोर्टात आळीपाळीने पुढच्या भिंतीवर बॉल मारतात. काकांचा पहिला धडा बॉलचा होता. स्क्वॉशचा बॉल थंड असताना उडतच नाही. आधी तो भिंतीवर मारून मारून गरम करावा लागतो. दुसरा धडा ‘टी’चा. बत्तीस फूट लांब आणि एकवीस फूट रुंद कोर्टात, मध्याच्या जरा मागे, दोन रेषा जिथे इंग्रजी टी अक्षरासारख्या मिळतात ती जागा. तिथे उभं राहिलं की चारही कोपरे आवाक्यात येतात. आपण बॉल असा मारायचा की समोरच्याला कोपऱ्यात धावावं लागेल आणि टी आपल्याला मिळेल. समोरचाही हेच करत असतो. काका म्हणायचे, बॉल मारणं हे स्क्वॉशमध्ये दुय्यम आहे, जागा मिळवणं मुख्य. हे मला कळायला बराच काळ गेला, आणि मारियाच्या कारकिर्दीकडे बघताना तेच सारखं आठवतं.

आधी पेशावरबद्दल बोलायला हवं, कारण पेशावर नसतं तर पाकिस्तानचं स्क्वॉश नसतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात बिनछपराची कोर्टं होती. भिंतीवरून बाहेर गेलेले बॉल आणून द्यायला जवळच्या नवाकिल्ला गावातली पठाण पोरं असायची. त्यातला एक हाशिम खान. वडील त्याच क्लबात नोकरीला. साहेब लोक उन्हामुळे आत गेले की ही पोरं अनवाणी पायांनी कोर्टात उतरायची, टाकून दिलेल्या रॅकेटने खेळायची. १९४४ मध्ये हाशिम मुंबईला आला आणि अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्याच्याकडेच राहिलं. तिथे तो ज्याला हरवायचा तो अब्दुल बारी, त्याच्याच नात्यातला. फाळणीनंतर बारी मुंबईतच राहिला, आणि १९५० मध्ये भारताकडून ब्रिटिश ओपन या तेव्हाच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेला जाऊन थेट अंतिम सामन्यात पोचला. ही बातमी पेशावरला कळली तेव्हा हाशिमला काय वाटलं असेल! ज्याला मी मुंबईत लोळवलं तो लंडनमध्ये उपविजेता होतो, मग मी कोण? पाकिस्तानच्या हवाई दलाने पैसे उभे केले आणि १९५१ मध्ये, पस्तिशी उलटून गेलेल्या या माणसाने इजिप्तच्या महमूद करीमला ९-५, ९-०, ९-० असं हरवून ब्रिटिश ओपन जिंकली. एकूण सात वेळा जिंकली. मग त्याचा भाऊ आझम, मग रोशन, रोशनचा मुलगा जहांगीर, मग जानशेर. जहांगीरने ओळीने दहा ब्रिटिश ओपन जिंकल्या, जानशेरने आठ वर्ल्ड ओपन. जवळपास अर्धं शतक जगातलं स्क्वॉश म्हणजे एका गावातली आणि त्याच्या आसपासची काही घरं होती. म्हणजे पाकिस्तानच्या स्क्वॉशची सुरुवात मुंबईच्या एका भाऊबंदकीत आहे असं म्हटलं तरी चालेल. मुंबईकरांनी याचं श्रेय अजून कसं घेतलं नाही याचं मला नवल वाटतं.

या सगळ्या नामावळीत एकही बाई नाही. आझम खानची नात कार्ला खान पाकिस्तानकडून खेळली, पण ती लंडनला वाढलेली. पेशावरच्या कोर्टात हाशिम शिरला तो नोकर म्हणून. ते दार गरीब पोराला उघडं होतं, फक्त मागच्या बाजूने. मुलीला ते मागूनही उघडं नव्हतं. कित्येक दशकांनी मारिया तिथे गेली तेव्हा ती मुलगा म्हणून गेली.

तिचे वडील शम्सुल कय्यूम वझीर हे वझिरिस्तानात विचित्रच म्हणायचे असे गृहस्थ. मुली आणि मुलगे सारखे, असं नुसतं म्हणायचे नाहीत तर तसं वागायचे. या विचारांपायी त्यांच्याच लोकांनी त्यांना वेडं ठरवून वेड्यांच्या इस्पितळात धाडलं होतं, असं मारिया सांगते. आई मुलींच्या शाळेत शिकवायची. साडेचार वर्षांची असताना मारियाने आपले सगळे फ्रॉक जाळून टाकले, केस कापले आणि भावाचे कपडे चढवले. वडील आले, त्यांनी हा अवतार पाहिला आणि हसले. म्हणाले, आजपासून तू चंगीझ खान. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. त्या मुलखात बापाचं हे हसणं किती महाग पडू शकतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं वाटत नाही.

पुढे कुटुंब पेशावरला आलं. चंगीझ खान रस्त्यावर पोरांशी मारामाऱ्या करायचा. ही रग कुठे तरी जिरावी म्हणून वडिलांनी त्याला वेटलिफ्टिंगला घातलं, अर्थात मुलगा म्हणूनच. वयाच्या बाराव्या वर्षी ती मुलांमध्ये वजनं उचलत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. तिथेच तिला जवळच्या कोर्टांवर स्क्वॉश खेळणारी मुलं दिसली. छान रॅकेटी, छान कपडे, आणि भिंतीवर बॉल आपटल्याचा तो आवाज. तो आवाज मलाही माहीत आहे. चांगला लागलेला फटका बंदुकीसारखा वाजतो. माझा फारसा वाजत नाही.

वडील तिला हवाई दलाच्या स्क्वॉश अकादमीत घेऊन गेले. हेच ते हवाई दल, ज्याने हाशिमला लंडनला धाडलं. अकादमीने प्रवेशासाठी जन्मदाखला मागितला आणि चंगीझ खानचं राज्य तिथे संपलं. दाखल्यावर मुलगी लिहिलेलं होतं. वजनं उचलताना कुणी कागद विचारला नव्हता, इथे विचारला. अकादमीच्या प्रमुखाने तिला हाकलून दिलं असतं तर नवल नव्हतं, पण तो खूश झाला. मुलगी खेळायला आली याचंच त्याला कौतुक. त्याने तिला एक रॅकेट दिली. त्या रॅकेटवर जोनाथन पॉवर या कॅनडाच्या खेळाडूचं नाव होतं. १९९८ चा वर्ल्ड ओपन विजेता, जागतिक क्रमवारीत पहिला आलेला पहिला उत्तर अमेरिकन, आणि पंचांशी भांडण्यासाठी तितकाच प्रसिद्ध. रॅकेटवर खेळाडूंची नावं छापणं हा निव्वळ धंदा असतो, पण हे नाव लक्षात ठेवा.

मुलगी आहे हे कळल्यावर कोर्टातल्या पोरांनी आणि मोठ्यांनीही तिला छळायला सुरुवात केली. टोमणे, शिव्या, सगळं. मग ती कोर्टात शिरून दार लावून घ्यायची आणि तासन्‌तास एकटी मारत राहायची. हात सुजायचे, रक्त यायचं. ही एकटीने खेळायची सवय तिला त्या काळात लागली. पुढे तीच तिच्या उपयोगी पडली आणि माझ्या मते तिचं नुकसानही तिनेच केलं.

२००६ मध्ये ती व्यावसायिक झाली. २००७ च्या ऑगस्टमध्ये तिला राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांच्या हस्ते सलाम पाकिस्तान पुरस्कार मिळाला. तिच्याबरोबर पुरस्कार घेणाऱ्यांत टेनिसपटू ऐसाम उल हक कुरेशी होता, आपल्या रोहन बोपण्णाचा जोडीदार म्हणून पुढे आपल्याला माहीत झालेला. ऐसाम लाहोरचा. त्याचे आजोबा ख्वाजा इफ्तिखार अहमद फाळणीपूर्वी अखिल भारतीय टेनिस विजेते, आणि आई नौशीन एहतेशाम अनेकदा पाकिस्तानची राष्ट्रीय महिला विजेती. म्हणजे त्याच देशात, लाहोरच्या हिरवळीवर, एक बाई उघड्यावर टेनिस खेळून वर्षानुवर्षं विजेती होत होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिकडे पेशावरमध्ये एका मुलीला रॅकेट हातात धरायला आधी चंगीझ खान व्हावं लागलं. पाकिस्तानातल्या बायकांना खेळू देत नाहीत, असं एका दमात म्हणून टाकणाऱ्यांनी ही दोन शहरं शेजारी शेजारी ठेवून बघावीत. आपल्याकडेही मुंबईचा जिमखाना आणि एखाद्या तालुक्याच्या गावचं मैदान यांत असं अंतर आहेच, मात्र आपल्या तालुक्याच्या गावी त्यावरून बंदूक निघत नाही.

पेशावरमध्ये मात्र बंदूक निघाली. पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला, आणि आदिवासी भागातली एक मुलगी डोक्यावर ओढणी न घेता, हाफ पँट घालून खेळते हे सगळ्यांना कळलं. वडिलांच्या गाडीवर चिठ्ठी आली. मुलीचं खेळणं बंद करा, नाहीतर परिणाम भोगा. पाकिस्तानच्या स्क्वॉश महासंघाने कोर्टाभोवती बंदूकधारी उभे केले. मारियाचा पुढचा निर्णय मला तिच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठा वाटतो. आपल्यामुळे कोर्टात खेळणाऱ्या बाकीच्या पोरांच्या जिवाला धोका नको म्हणून तिने कोर्टावर जाणं थांबवलं. ती घरी खेळू लागली. खोलीच्या भिंतीवर. साधारण तीन वर्षं.

आता काकांचा धडा आठवा. भिंतीवर मारून काय येतं? फटका येतो. मनगट तयार होतं, नजर बसते, बॉल भिंतीला चिकटून मागे नेणारा सरळ ड्राइव्ह घोटून घोटून पक्का होतो. दम टिकवण्यासाठी स्क्वॉशमध्ये घोस्टिंग नावाचा सराव असतो. बॉल नाही, समोर माणूस नाही, आपणच टीवरून कोपऱ्यात पळायचं, हवेत फटका मारायचा आणि परत यायचं. पण घोस्टिंगला निदान कोर्टाएवढी जागा लागते. आणि समोरचा माणूस कुठून आणणार? तो काय करणार आहे हे त्याच्या खांद्यावरून ओळखणं, तो ड्रॉप (पुढच्या भिंतीलगत अलगद टाकलेला बॉल) टाकणार असं दाखवून लॉब (उंचावरून मागे जाणारा बॉल) मारतो तेव्हा न फसणं, तुमच्या आणि बॉलच्या मध्ये तो कडमडला तर लेट (तोच गुण पुन्हा खेळणं) मागायचा की वळसा घालून मारायचा हे क्षणात ठरवणं, यातलं काहीही भिंत शिकवत नाही. भिंत बॉल तुम्हाला नेहमी प्रामाणिकपणे परत देते. खोलीत टी नसतो, आणि असला तरी तो तुमच्याकडून हिसकावून घ्यायला कुणी नसतं. सतरा ते वीस हे स्क्वॉशपटूचं ज्या गोष्टी शिकायचं वय, नेमक्या त्याच तिला शिकता आल्या नाहीत. जिद्दीने त्या भरून काढता येत नाहीत. अशा मजकुरांत जिद्दीचं फार कौतुक होतं म्हणून मुद्दाम सांगते.

आणि तरीही, या धमक्यांच्याच काळात, २००९ मध्ये ती जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी चेन्नईला आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. कांस्यपदक. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा जुळवून पाहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या क्रिकेट संघाच्या बसवर गोळीबार झाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर एक अठरा वर्षांची पाकिस्तानी मुलगी भारतात येऊन जगातल्या चार उत्तम ज्युनियर खेळाडूंमध्ये बसली, आणि ऑक्टोबरमध्ये तिच्याच शहरात, बायकांच्या खरेदीच्या मीना बाजारात, बॉम्बस्फोट होऊन शंभरावर माणसं मेली. स्पर्धा जिंकली ती इजिप्तची नूर अल शेरबिनी. तेव्हा तिचं वय तेरा. शेरबिनी पुढे अनेकदा जगज्जेती झाली. चेन्नईच्या त्या उपांत्य फेरीत पोचलेल्या मुलींकडे पुढची चार-पाच वर्षं रोज खेळायला तोडीस तोड जोडीदार होते. मारियाकडे खोली होती.

क्रमवारीतला फरक मला इथे दिसतो. दीपिकाची गोष्टही सोपी नाही, हे आधीच सांगायला हवं. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष आणि महिलांना सारखी बक्षीस रक्कम मिळत नाही म्हणून तिने काही वर्षं त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता, आणि रक्कम सारखी झाल्यावरच, २०१६ मध्ये, ती परत आली. पण तिची आई सुसान इट्टिचेरिया भारताकडून क्रिकेट खेळलेली. घरात खेळणारी बाई ही मुळात चर्चेची बाबच नव्हती. तिच्याच गावात, चेन्नईला, भारताची स्क्वॉश अकादमी. मेजर मणियम आणि सायरस पोंचा यांच्यासारखे प्रशिक्षक. जोशना चिनप्पासारखी, तिच्याहून थोडी मोठी आणि आधीच जिंकत असलेली खेळाडू त्याच शहरात. सरावाला समोर रोज जोशना असणं म्हणजे काय हे ज्याने एकट्याने भिंतीवर बॉल मारला आहे त्यालाच कळेल. पुढे दीपिका मेलबर्नला साराह फिट्झ-जेराल्डकडे शिकायला गेली, ती तर पाच वेळची जगज्जेती. दहाव्या क्रमांकाला एवढं सगळं लागतं. गुणवत्ता धरून.

मारिया या काळात आणखी एक काम करत होती. ईमेल पाठवत होती. कॅनडा, अमेरिका, युरोपातले क्लब, अकादम्या, शाळा, विद्यापीठं, ज्यांचे ज्यांचे पत्ते मिळतील त्यांना. मी अमुक, मला खेळायचं आहे, मला कोर्ट द्या. रोज. जवळपास साडेतीन वर्षं. या मजकुराचा ईमेल तुम्हा-आम्हाला आला असता तर आपण काय केलं असतं? नायजेरियातल्या राजपुत्राच्या खजिन्याच्या फसव्या ईमेलशेजारी टाकला असता. बहुतेकांनी तेच केलं. उत्तर आलं ते जोनाथन पॉवरचं. रॅकेटवरचा तोच. निवृत्त होऊन तो टोरांटोला अकादमी चालवत होता. त्याला आधी हे खरं वाटलं नाही म्हणतात. वझिरिस्तानातली मुलगी, आणि स्क्वॉश? त्याने ‘ये’ म्हटलं. २०११ मध्ये ती टोरांटोला पोचली, आणि विमानतळावर घ्यायला तो स्वतः आला होता.

कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने खोडून टाकलं असतं. रॅकेटवरचं नाव आणि ईमेलला उत्तर देणारा माणूस एकच कसा, इतका योगायोग चालत नाही म्हणाला असता. पण यात योगायोगाचा भाग जरा कमीच आहे. जगभर माहीत असलेल्या आणि पोरांच्या हाती पडणाऱ्या रॅकेटींवर नाव असलेल्या खेळाडूंची संख्या मुळातच थोडी, आणि त्यातला विक्षिप्तपणासाठी प्रसिद्ध असलेला एखादाच अशा ईमेलला उत्तर देतो. व्यवहारी माणसाने दिलं नसतं.

मग पॉवरच्या अकादमीत वर्ष-दीड वर्षाचा सराव आणि ४१. हा आकडा आता वेगळा दिसतो की नाही बघा. महिलांच्या स्पर्धांत तेव्हा पैसा फार थोडा होता. पुरुषांनाही काही भरभरून मिळत नव्हता, पण बायकांना त्याहून कमी. पहिल्या दहांच्या बाहेरच्या खेळाडूंना हॉटेल परवडायचं नाही, यजमान क्लबच्या सभासदांच्या घरी मुक्काम असायचा. क्रमवारीचे गुण मिळवायला देशोदेशी फिरावं लागतं, आणि पाकिस्तानी पासपोर्टवर प्रत्येक व्हिसा हा स्पर्धेआधीचा एक सामना. एवढं करून, सरावाची तीन वर्षं खोलीत गेलेली असताना, जगात तिच्यापेक्षा चांगल्या फक्त चाळीस बायका होत्या. मला हा आकडा तिच्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते. तो हळहळून वाढवलेला नाही, कौतुकाने फुगवलेला नाही. क्रमवारी काढणाऱ्या संगणकाला वझिरिस्तान कुठे आहे हे माहीत नसतं.

त्या डिसेंबरच्या दोन महिने आधी स्वातमध्ये मलाला युसूफझाईवर गोळी झाडली गेली होती. साहजिकच पुढची काही वर्षं जगाला पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरच्या धीट मुली हव्या होत्या, आणि मारियाकडे मुलाखतीचे, भाषणांचे, व्यासपीठांचे दरवाजे उघडले. ती चांगलं बोलते. शांतपणे, अधूनमधून विनोद करत. तिने मुलींच्या खेळासाठी आणि शिक्षणासाठी संस्थाही काढली. पण क्रमांक ४१ च्या वर गेला नाही. सभांमुळे गेला नाही असं मी म्हणणार नाही. विशी ओलांडल्यावर पाया नव्याने घालता येत नाही, एवढंच कारण पुरेसं आहे. मात्र तिच्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहांतल्या किती जणांनी तिचा एक तरी सामना पाहिला असेल, हा प्रश्न मनात येतोच.

२०१७ मध्ये तिचं नाव पाकिस्तानात पुन्हा गाजलं, आणि तेही खेळासाठी नाही. तिची बहीण आयेशा गुलालई इम्रान खानच्या पक्षाकडून संसदेत गेली होती. तिने इम्रानवर अश्लील संदेश पाठवल्याचा आरोप केला आणि पक्ष सोडला. इम्रानने आरोप फेटाळले. समर्थक खवळले आणि उट्टं काढायला त्यांनी निवडली आयेशाची धाकटी बहीण. कॅनडात हाफ पँट घालून खेळते ही, कुठली पठाण? म्हणजे तालिबानने वडिलांच्या गाडीवरच्या चिठ्ठीत जे लिहिलं होतं, तेच दहा वर्षांनी शिकलीसवरलेली, इंटरनेटवाली माणसं लिहीत होती. प्रकरण इतकं वाढलं की इम्रान खानलाच आपल्या समर्थकांना सांगावं लागलं, तिला यात ओढू नका, तिने देशाचं नाव केलं आहे. निवृत्त क्रिकेटपटूला एवढं तरी कळलं म्हणायचं.

हाफ पँटचं मला थोडं कळतं. आमच्या कोर्टाची मागची भिंत काचेची आहे, आणि संध्याकाळी फेऱ्या मारणारी मंडळी तिथे थबकतात. मी ट्रॅक पँट घालून खेळते. उकडतं, गुडघ्याशी अडकते, पण घालते. कुणी मला काही बोललेलं नाही. कुणी चिठ्ठी ठेवलेली नाही. मीच आपलं आधीच मिटवून टाकलं आहे. काकांनी एकदा विचारलं होतं, शॉर्ट्स का नाही घालत, कोपऱ्यातला बॉल पोचेल तुम्हाला. मी हसून विषय बदलला.

२०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा खेळलं जाणार आहे. इतकी वर्षं मागण्या करून आता कुठे मिळालं. तेव्हा मारिया सदतीस वर्षांची असेल. हाशिम साधारण त्याच वयात पहिली ब्रिटिश ओपन जिंकला होता, पण ते १९५१ साल होतं, आणि आजच्या इजिप्शियन मुलींसमोर सदतिशीत टिकणं सोपं नाही. तिच्या पिढीला ऑलिंपिक उशिराच मिळालं, दीपिकालाही आणि जोशनालाही. यावर मात्र दहावी आणि एक्केचाळिसावी असा भेद नाही.

मारिया कधी भेटली तर तिला मी वझिरिस्तानबद्दल विचारणार नाही. ते तिने शेकडो वेळा सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी सांगताना थोडं थोडं झिजत असणार. मला हे विचारायचंय: टोरांटोला पहिल्या दिवशी समोर माणूस उभा राहिला तेव्हा टीवर परत यायला किती उशीर होत होता? चेन्नईत उपांत्य सामना हरलीस तो कुठल्या कोपऱ्यात? बॅकहँडला बॉल खोल गेला की तू बाजूच्या भिंतीवर आपटून बोस्ट मारायचीस की सरळ, आणि लॉब तुला कधी नीट जमला का? आणि पॉवरने तुझं आधी काय बदललं, ग्रिप की पाय?